वापरणाऱ्यानंच दुकानात यावं

अजूनही सकाळी पायात चप्पल घालण्याआधी मी ती उचलते, उलटी करते आणि फरशीवर आपटते. आजवर तिच्यातून काही पडलेलं नाही. ज्यांच्याकडून ही सवय लागली, त्यांच्याही चपलेतून निदान जळगावच्या घरात तरी कधी काही पडलं नाही. ते म्हणत, "विंचू आधी कळवून येत नाही, बाई."

ते माझे घरमालक. पेठेत सगळे त्यांना आबा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांचं सगळं आयुष्य मोजणी खात्यात गेलं होतं. पावसाळा संपला की साखळ्या, झेंडे आणि टेबल बैलगाडीत घालून ते निघत आणि उन्हं असह्य होईपर्यंत तंबूत राहत. निवृत्तीच्या दिवशी सरकारनं साखळी परत घेतली, टेबल घेतलं आणि तंबूही घेतला. "साखळीचं काही वाटलं नाही," ते म्हणत. त्यापुढं काही म्हणत नसत.

घर चांगलं दोन मजली होतं, पण आबा अंगणात निजत. मच्छरदाणीच्या दोऱ्या ते तंबूच्या तणाव्यासारख्या ताणून, खाली मेखा ठोकून बांधत. दूधवाला पहाटे हमखास त्यांना अडखळे. छत्री उघडण्याआधी ते बोट ओलं करून वारा बघत. कुणी घराचा पत्ता विचारला तर "डावीकडं" किंवा "उजवीकडं" असं त्यांनी कधी सांगितलं नाही. सगळं पूर्व-पश्चिम असे, आणि विचारणारा सूर्याकडं बघत उभा राही.

मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत दोन वर्षं राहिले. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला मी नुकतीच लागले होते. स्वतः शिकले होते नाशिकला, मिशनच्या शाळेत. तिथं आवारात मराठी बोललं की त्या दिवशीचा गोड घास जाई. त्यामुळं माझी मराठी पुस्तकातली होती आणि तीही मी जपून वापरी. घरचे कुठं असतात, इतक्या लांब एकटी का आले, हे पहिल्याच दिवशी पेठेतल्या सगळ्यांनी विचारलं. आबांनी विचारलं, "काल रात्री वारा कुठून होता?"

मला माहीत नव्हतं.

"खिडकी उघडी ठेवा म्हणजे कळेल," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. माझ्याविषयी त्यांनी कधी काही विचारलं असेल तर एवढंच. मला त्या घरात राहावंसं वाटलं त्याचं कारणही बहुधा एवढंच.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर आबांनी मला खाली बोलावलं. त्यांच्या मांडीवर मुंबईच्या एका साहेबी दुकानाचा कॅटलॉग होता. तंबू, घडीच्या खाटा, कंदील, कॅनव्हासच्या बादल्या, सगळ्यांची चित्रं आणि खाली बारीक इंग्रजी. मी वाचायचं आणि मराठीत सांगायचं, असं ठरलं. आबा पोथी ऐकावी तसे डोळे मिटून ऐकत. शेजारी अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, तांदूळ निवडत बसत आणि मध्येच एखादा खडा जोरात ताटाबाहेर टाकत.

"कितीही जोराचा पाऊस आला तरी आत थेंबही येत नाही," मी वाचलं.

"कागदावर सगळे तंबू कोरडेच असतात," आबा म्हणाले.

कॅटलॉग संपला. आबांनी तो छान लिहिला आहे असं सांगितलं, घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आता दुकानात जाऊ."

पत्र टाकलं की सामान पार्सलनं घरी येतं, हे मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांचा एक नियम होता, तो तेव्हा मला कळला. वस्तू जो वापरणार, त्यानंच दुकानात जायचं, हातात धरून पाहायची आणि घ्यायची. दुसऱ्याचं दुसऱ्यानं घ्यायचं नाही. नोकरीत सरकारनं न विचारता पाठवलेल्या बुटांनी त्यांचे पाय वर्षानुवर्षं सोलले होते, म्हणून हा नियम, असं ते सांगत. भुसावळला रेल्वेत असलेल्या मुलाच्या लग्नात त्यांनी सुनेला नेऊन तिचं जोडवंसुद्धा तिलाच निवडायला लावलं होतं. व्याही त्यावरून अजून रुसलेले होते.

बेत असा होता. नाताळच्या सुट्टीत, अनेर नदी सातपुड्यातून बाहेर पडते तिथं, आठवडाभर मुक्काम. मोजणी नाही, जत्रा नाही, देवदर्शनही नाही. नुसतं राहायचं. प्लेगच्या साथीत लोक गावाबाहेर झोपड्या घालून राहिले होते हे पेठेला माहीत होतं, पण धडधाकट माणसानं चांगलं घर सोडून उघड्यावर का राहावं, हे कुणालाच समजेना. आबांना कुणाच्या समजण्याची फारशी फिकीर नव्हती. फिकीर होती ती एकाच माणसाची, आणि ते माणूस तांदूळ निवडत होतं.

"माले नही येवानं," अक्का म्हणाल्या.

अक्का पारोळ्याकडच्या खेड्यातल्या. घरात त्या अहिराणीच बोलत. आबांचं बोलणं कचेरीतलं, स्वच्छ. पण मी पुढं एक गोष्ट टिपली. भांडणात हरू लागले की आबाही अहिराणीत शिरत.

"नुसतं चल तर खरी," आबा म्हणाले.

"तुम्ही तंबूमा ऱ्हावा, मी घरमा ऱ्हासू. इतला वरीस तसंच व्हतं ना?"

"तेव्हा आई होती घरात. तिला टाकून कसं नेणार होतो?"

"बाकीना साहेब लई जायेत ना त्यास्नी बायका? जवय येवानं व्हतं तवय नही लई गयात. आते कसाले?"

"आते..." आबा म्हणाले, आणि मला कळलं की ते हरले.

अक्कांनी ताट उचललं. जाता जाता उंबऱ्यात थांबून त्या माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "तूच सांग वं पोरी. अठे चुल्हा, तठे बी चुल्हा. चुल्हाले चाकं लावानं नि फिरावानं, इतलंच ना?"

 ते वाक्य बरेच दिवस माझ्या डोक्यात राहिलं.

अक्का येत नाहीत म्हणून आबांनी बेत सोडला नाही. एकेक वस्तू घ्यायला सुरुवात केली. माझ्या इंग्रजीचं काम संपलं होतं, तरी त्यांनी मला सोबत घेतलं. कारण मीही येणार होते, हे त्यांनी मला न विचारताच गृहीत धरलं होतं. आणि येणार म्हणजे माझं सामान मीच घ्यायला हवं. शनिवारी शाळा सकाळची असे. दुपारी आम्ही बाजारात जात असू. आबा पुढं, बंद गळ्याचा कोट आणि पागोटं घालून. मी मागं, डोक्यावरून पदर घेऊन, कुणी ओळखीचं दिसू नये अशी इच्छा करत.

कंदिलांच्या दुकानात त्यांनी कंदील पेटवायला लावला, तो हातात घेतला आणि भर बाजारात झपाझप चालत सुटले. कोपऱ्यापर्यंत जाऊन, वळून, परत. ज्योत फडफडली तर कंदील नापास. भर दुपारी पेटता कंदील घेऊन धावणारा म्हातारा पाहून एका टांगेवाल्यानं विचारलं, "आबा, काय हरवलं?"

"अजून काही नाही," आबा म्हणाले.

माझ्यासाठी कंदील घ्यायची वेळ आली तेव्हा दुकानदारानं जो पुढं केला त्याला मी "चालेल" म्हटलं. लहानपणापासून माझ्या ट्रंकेत काय असावं हे शाळा ठरवी आणि माझी मावशी आणून देई. दुकानात जाऊन मी स्वतःसाठी काही निवडलं होतं असं मला आठवेना.

"'चालेल' हे उत्तर नाही, बाई," आबा म्हणाले. "धरून पाहा. कशी आहे कडी?"

मी कंदील धरून उभी राहिले. दुकानदार, त्याचा मुनीम, रस्त्यावरचे दोघे तिघे, सगळे माझ्या हाताकडं पाहत होते. कडी बोटाला काचत होती. मी बराच वेळ तसाच धरला आणि मग म्हणाले, "नको."

आबांना एवढा आनंद मी त्याआधी कधी दिलेला नव्हता. ते दुकानदाराकडं वळले. "बाई नको म्हणाल्या. दुसरा काढा." तो दुसरा कंदील माझ्यापाशी आजही आहे.

पण सगळ्यात अवघड प्रसंग घडीच्या खाटेचा. खाट म्हणजे झोपायची वस्तू, तेव्हा तिच्यावर झोपून पाहायला हवं. नुसतं आडवं पडून काय कळणार? दुकानात जागा नव्हती. आबांनी खाट रस्त्याच्या कडेला मांडली, चपला काढून त्या उलट्या ठेवल्या, पागोटं उशाला घेतलं आणि झोपले. खरोखर झोपले. गुळाची पोती घेऊन जाणारे हमाल वळसा घालून जाऊ लागले. मी त्यांची छत्री धरून शेजारी उभी, सावली त्यांच्या तोंडावर पडेल अशी. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील समोरून गेले. त्यांनी मला पाहिलं, आबांना पाहिलं आणि पुन्हा मला पाहिलं.

दुकानदार बाहेर आला. "आबा, खाट विकत घेताय की भाड्यानं?"

"कमरेपाशी ढिली आहे," आबा डोळे न उघडता म्हणाले. "ही नको. दुसरीचं कापड ताणून आण, तोवर मी इथंच आहे."

दुकानदार आत गेला. आबा तसेच पडून होते. मग माझ्याकडं न पाहता, जणू काही वाऱ्याबद्दल सांगावं तसं, म्हणाले, "धुळ्याच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितलाय. कडेकडेनं जातंय सगळं. नकाशाला वाळवी लागते ना, तसं."

 त्यांच्या तोंडावर ऊन आलं तेव्हा मी छत्री पुन्हा सरळ केली.

"मधलं दिसतंय अजून. या थंडीत डोंगर दिसेल. पुढच्या थंडीचं सांगता येत नाही." थोडं थांबून म्हणाले, "त्या वळणावर पहाटे धुकं उठतं. आधी एक डोंगर दिसतो. मग त्याच्यामागून दुसरा येतो. मग तिसरा. मी घरी येऊन दरवर्षी सांगायचो तिला. सांगून काय दिसतं?"

"अक्कांना ठाऊक आहे?" मी विचारलं.

"डोळ्यांचं? नाही. ते सांगितलं तर येईल ती. तशी यायला नको."

दुकानदार दुसरी, ताणलेली खाट घेऊन आला आणि आबा पुन्हा झोपून दाखवू लागले.

मला त्या दिवसापासून बाजारात उभं राहायची लाज वाटेनाशी झाली, किंवा वाटली तरी चालेल असं वाटू लागलं.

एकेक वस्तू येत गेली. खाटा, बादली, मेखा ठोकायची लाकडी मोगरी, दोर. तंबू तेवढा राहिला. तो जळगावात मिळत नव्हता. पश्चिमेकडं साक्रीच्या जंगलात फिरतीवर जाणारे साहेब धुळ्याहून तंबू नेत, तिथं जायला हवं होतं. मी विचारलं तेव्हा आबा म्हणाले, "तंबू दोघांचा आहे. एकट्यानं कसा घेणार?"

नाताळ जवळ आला होता. अक्का रोज आम्ही आणलेलं सामान पडवीत नीट रचून ठेवत, त्यावरची धूळ पुसत, आणि येण्याविषयी एक शब्द काढत नव्हत्या.

मग एका शनिवारी आबा भांड्यांच्या आळीत शिरले. तिथं त्यांनी लोखंडी तवा मागितला. एक तवा पाहिला, दुसरा पाहिला, बोटानं वाजवून पाहिला. मग पीठ मळायची लाकडी काठवट घेतली, तिच्यासमोर दुकानातच मांडी घालून बसले आणि रिकाम्या काठवटीत दोन्ही हात गोल फिरवले. भांडीवाला हसू दाबत होता. मला वेगळंच काही खुपत होतं. त्यांचा नियम मला आता तोंडपाठ होता.

"आबा," मी म्हणाले, "अक्का आलेल्या नाहीत."

"तिचं काय काम इथं?" ते म्हणाले आणि तवा कागदात बांधायला दिला.

मला वाईट वाटलं. वाट पाहून ते चिडले असतील आणि चिडून स्वतःचाच नियम मोडत असतील, असं मला वाटलं.  

अक्कांनी पुडकं सोडलं. तवा हातात धरून त्या उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"सुनले जोडवी घेवाले लई गयात," त्या सावकाश म्हणाल्या. "ह्या पोरीले कंदील घेवाले लई गयात. नि मना तवा मनाबिगर लयना?"

"तुझा नाही तो," आबा म्हणाले.

एवढं म्हणून ते अंगणात गेले आणि मच्छरदाणीच्या मेखा तपासू लागले.

अक्का तवा घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. मी जिन्यात उभी होते.  बऱ्याच वेळानं मी डोकावले तर त्या चुलीसमोर तवा मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्याच्याकडं पाहत होत्या. वापरणाऱ्यानंच घ्यायचं, हा नियम त्या माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं ओळखत होत्या. मला जे जिन्यात उभं राहून कळत होतं, ते त्यांना बहुधा मघाशीच कळलं होतं. त्या फक्त विश्वास ठेवावा की नाही हे ठरवत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आबांना हाक मारली. चूल पेटलेली. काठवटीत ज्वारीचं पीठ. नवा तवा चुलीवर.

"बठा," अक्का म्हणाल्या. "आते वापरीसन दखाडा."

आबांनी कोट काढला. बाह्या वर केल्या. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या वस्तू पारखल्या होत्या. आता अक्का भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, त्यांना पारखत उभ्या होत्या. मुक्कामावर शिपाई रांधत असे, त्यामुळं आबांना चहाखेरीज काही येत नव्हतं. पीठ आधी सैल झालं, मग घट्ट. भाकरी थापताना एका बाजूनं पुढं गेली, दुसरीकडून आत आली. तव्यावर टाकताना तिचा एक कोपरा काठवटीतच राहिला.

अक्का वाकून पाहू लागल्या. "हाऊ काय, साक्री तालुका शे का?"

आबांनी भाकरी नीट निरखली. "साक्री नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "शिरपूर."

अक्का हसल्या. तोंडाला पदर लावून, भिंतीला धरून, खाली बसून हसल्या. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. आबांनीही फार दिवसांनी पाहिलं असावं, कारण तव्यावरचं शिरपूर जळून गेलं तरी ते त्यांच्याकडंच पाहत होते. डोळे पुसून झाल्यावर अक्कांनी विचारलं, "धुळ्याले कव्हय जानं शे?"

आम्ही सर्व्हिस मोटारीनं गेलो. मोटार पारोळ्याला थांबली तेव्हा अक्का खिडकीतून किल्ल्याच्या भिंतीकडं पाहत राहिल्या. त्यांच्या माहेरी आता कुणी उरलं नव्हतं, त्यामुळं या रस्त्यानं त्या कित्येक वर्षांत आल्या नव्हत्या. "लहान व्हयना," एवढंच म्हणाल्या. किल्ला, की रस्ता, मी विचारलं नाही.

तंबूवाल्याचं आवार गावाबाहेर होतं. तीन चार तंबू उभे करून ठेवले होते. आबा आत शिरले आणि सरळ एका लहानशा, एकखांबी तंबूपाशी, म्हणजे छोलदारीपाशी गेले. तिच्या कापडावरून त्यांनी हात फिरवला. "अशीच होती माझी," ते म्हणाले. "हीच घेऊ."

अक्का वाकून आत गेल्या. सतरंजीवर बसल्या. "ये वं पोरी," त्यांनी मला हाक मारली. मीही गेले. आम्ही दोघी बसल्यावर आत गुडघा हलवायला जागा उरली नाही. बाहेर आबांचे पाय दिसत होते.

आतून अक्कांनी विचारलं, "मी अठे निजसू. तुम्ही कोठे निजशात?"

पाय हलले नाहीत. आयुष्यभर आबा त्या मापाच्या तंबूत निजले होते. त्यात दुसरं माणूस आलं की ते स्वतः बाहेर राहतात, हे त्यांच्या ध्यानातच आलेलं नव्हतं. दुनियेचं माप घेतलेला माणूस तंबूच्या दोरीला धरून उभा होता.

तंबूवाला शेठ म्हणाला, "बाईसाहेबांनी माप बरोबर घेतलं."

"म्हणून तर कुटुंबाला घेऊन आलो," आबा म्हणाले. पण आवाज नेहमीचा नव्हता.

मग अक्का स्वतः फिरल्या. दोन खांबांच्या एका तंबूत शिरल्या, हात पसरून गोल फिरल्या, कापडाचा वास घेतला. बाहेर येऊन त्यांनी शेठकडं तांब्याभर पाणी मागितलं. त्यांना तहान लागली असेल म्हणून त्यानं थंड पाणी आणवलं. अक्कांनी ते छतावर ओतलं आणि आत जाऊन, खाली बसून, वर पाहत राहिल्या. शेठ काही बोलायच्या आत आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव होता, तो मी पुढं अनेकदा आठवला आहे. आपली सर्वांत अवघड विद्यार्थिनी बक्षीस घेताना शिक्षकाला काय वाटत असेल, ते मी शिक्षिका असून मला तोवर माहीत नव्हतं.

पाणी आत आलं नाही. तंबू ठरला. छोलदारीकडं बोट दाखवून अक्का म्हणाल्या, "नि ती पोरीले." मग स्वतःच थांबून माझ्याकडं वळल्या. "तुले आवडनी का? धरीसन दख."

मी दोरी ओढून पाहिली. आवडली, म्हणून सांगितलं.

चोपड्यापर्यंत मोटार आणि पुढं बैलगाडी. आम्ही अनेरच्या वळणावर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. आबांनी वारा पाहिला, तंबूचं दार कुणीकडं ठेवायचं ते ठरवलं, मेखा ठोकल्या. संध्याकाळी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून त्यांनी भरीत ठेचलं. तिकडं हिवाळ्यात शेतात भरीत पुरुषच करतात, त्यामुळं अक्कांनी ते खाल्लं, आणखी घेतलं, पण स्तुती केली नाही. "भरीत तं बठ्ठा पुरुष ठेचतस," त्या म्हणाल्या. "सकाय भाकर दखू."

सकाळी मी जागी झाले ती थापण्याच्या आवाजानं. बाहेर सगळं पांढरं होतं. नदी नव्हती, डोंगर नव्हता, गाडी सोडली होती ती जागा नव्हती. तीन दगडांच्या चुलीपुढं आबा उकिडवे बसले होते, पाठ नदीकडं, डोळ्यांत धूर. थोड्या अंतरावर अक्का घडीच्या खाटेवर बसल्या होत्या, अंगावर शाल, तोंड डोंगराच्या दिशेला. दोन्ही हात मांडीवर ठेवलेले. त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नसावं. एक हात दुसऱ्याला धरी, मग सोडी. मध्येच त्या मान वळवून चुलीकडं पाहत.

"इकडं पाहू नको," आबा म्हणाले. "तिकडं पाहा."

"जाळ जास्ती शे."

"असू दे."

मी छोलदारीच्या दारात चप्पल आपटून पायात घातली आणि तिथंच बसले. धुकं हळूहळू उठू लागलं. आबांना ते कशावरून कळलं कोण जाणे, वाऱ्यावरून असेल. ते मागं वळले नाहीत. हात पिठात होते, भाकरी काठवटीत फिरत होती, आणि आता ती बरीचशी गोल होती.

"दिसला का?" त्यांनी विचारलं.

अक्का पाहत होत्या. त्यांचे हात थांबले होते.

"एक दिसना," त्या म्हणाल्या.

"काळा?"

"नही. निया." मलाही तो निळाच दिसत होता. मग अक्का हळू आवाजात म्हणाल्या, "वर झाडं शेतस. बारीक बारीक. केससारखा."

आबांनी भाकरी तव्यावर टाकली. ते इतकी वर्षं तो डोंगर पाहत आले होते. झाडांचं मात्र त्यांनी घरी येऊन कधी सांगितलं नसावं, कारण ते ऐकताना त्यांचा हात तव्यावर तसाच राहिला आणि चटका बसल्यावर त्यांनी तो काढला.

"त्याच्यामागं दुसरा येईल," ते म्हणाले. "आला का?"

"नही अजून."

"पाहत राहा."

"दखीच राहिनू ना," अक्का म्हणाल्या. "तुम्ही भाकर उलटा. जयी राहिनी."